मुलांना घेऊन मुंबईला जाताना : हॉटेलआधी वस्ती निवडा

परीक्षा संपल्या की मुंबईकडे येणाऱ्या गाड्या मुलांनी भरून येतात. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्यातून येणारी देवगिरी या गाड्या रात्रभर धावून सकाळी सहा-सातच्या सुमारास मुंबईत पोहोचतात. मुलांची यादी आधीच तयार असते. राणीच्या बागेतले पेंग्विन, तारांगण, गेटवे, म्हातारीचा बूट आणि समुद्र. तिकिटे महिना-दीड महिना आधी काढलेली असतात. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत शेवटी निघतो आणि त्याचे उत्तर दोनच गोष्टी पाहून दिले जाते. भाडे किती आणि फोटोत खोली कशी दिसते. ती खोली कोणत्या वस्तीत आहे, हे फारसे कोणी विचारत नाही.

मूल सहलीत आजारी पडले की सगळे ‘काय खाल्ले?’ असे विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. प्रवासातले आजारपण बहुधा एकाच गोष्टीने येत नाही. रात्रीचे जागरण, दिवसभराचे ऊन, वेळेवर न मिळालेले पाणी, बुडालेली दुपारची झोप आणि मग भूक अनावर झाली म्हणून मिळेल ते खाणे, असे एकावर एक चढत जाते आणि तिसऱ्या दिवशी मूल तापाने फणफणते किंवा त्याला जुलाब लागतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा संबंध मुक्कामाच्या जागेशी असतो. म्हणूनच मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने आधी वस्ती निवडावी आणि मग त्या वस्तीत परवडेल ती खोली शोधावी. आज नेमके उलटे होते.

बिछाना किती मिनिटांवर?

मोठ्या माणसांच्या सहलीत हॉटेल म्हणजे रात्री पाठ टेकण्याची जागा. सकाळी बाहेर पडायचे, रात्री परतायचे. लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. पाच वर्षांपर्यंतच्या हिशेबात दुपारची झोपही धरलेली आहे. ही झोप टॅक्सीत मान लटकवून किंवा लोकलमध्ये आईच्या खांद्यावर नीट होत नाही.

म्हणून मुक्कामाची जागा पाहताना ‘गेटवे किती किलोमीटर?’ यापेक्षा ‘दुपारी साडेबाराला कुठेही असलो तरी मुलाला बिछान्यावर कधी टेकवता येईल?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अर्ध्या तासात खोलीवर पोहोचता आले तर दिवसाचे दोन भाग करता येतात. सकाळी आठ ते बारा एक ठिकाण, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी पाचनंतर दुसरे ठिकाण. खोली दीड तासावर असेल तर कोणी मध्ये परतत नाही. मग चार वर्षांचे मूल सकाळी आठ ते रात्री नऊ असे सलग तेरा तास बाहेर राहते आणि त्यातली सर्वांत कडक उन्हाची वेळ रांगेत, फुटपाथवर किंवा बसथांब्यावर जाते. मे महिन्यातल्या मुंबईत हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. शिवाय खेळात किंवा पाहण्यात गुंतलेले मूल तहान लागली तरी पाणी मागत नाही. अशा दिवशी दुपारचे दोन-तीन तास सावलीत, पंख्याखाली जाणे हा चैनीचा भाग राहत नाही.

रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. गाडी सातला येते आणि हॉटेलची खोली बारा ते दोनच्या दरम्यान मिळते. मधले पाच-सहा तास मूल न झोपता, न आंघोळ करता, सामानासकट फिरते. खोली आरक्षित करतानाच ‘सकाळी आठला खोली मिळेल का? नसेल तर आंघोळीची आणि सामान ठेवण्याची सोय आहे का?’ हे विचारून घ्यावे. थोडे जास्त पैसे देऊन लवकर खोली मिळत असेल तर सहलीतला तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च समजावा.

गर्दी कोणत्या दिशेने वाहते?

मुंबईत अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची असते. सकाळी आठ ते अकरा लोकलचा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जातो. संध्याकाळी पाच ते नऊ तो उलटा फिरतो. मुलांना दाखवण्यासारखी बरीच ठिकाणे दक्षिण आणि मध्य मुंबईत आहेत. राणीची बाग भायखळ्याला, नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र वरळीला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय फोर्टला, कमला नेहरू उद्यान मलबार हिलवर. स्वस्त खोली मिळाली म्हणून बोरिवली, ठाणे किंवा त्याही पलीकडे उतरलेले कुटुंब सकाळी गर्दीबरोबर दक्षिणेला जाते आणि संध्याकाळी गर्दीबरोबर उत्तरेला परतते. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर साधारण ३४ किलोमीटर आहे. मुंबईकरांना त्याची सवय असते. पहिल्यांदाच लोकल पाहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला ती नसते, त्याच्या पालकांनाही नसते. धावत्या गर्दीत हात सुटणे, दारात चेंगरणे, फलाट आणि गाडी यांच्यातल्या फटीत पाय जाणे हे धोके खरे आहेत.

याउलट दादर, माटुंगा किंवा फोर्ट परिसरात उतरलेले कुटुंब बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान पाहायला सकाळी निघाले, तर ते मुख्य गर्दीच्या विरुद्ध दिशेने जाते आणि दुपारी संध्याकाळच्या गर्दीआधी परतू शकते. दादरहून भायखळा धीम्या लोकलने चौथे स्थानक आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागलेली भुयारी मेट्रो ३ तर मुलांसाठी वरदान आहे. उद्वाहक आहेत, डबे थंड आहेत, फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत आणि नेहरू विज्ञान केंद्रासाठी वेगळे स्थानक आहे. मेट्रोच्या स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीवर असलेली साधी खोली ही महामार्गालगतच्या चकचकीत हॉटेलपेक्षा मुलांसाठी अनेक पटींनी बरी.

जागा बदलली की झोप येत नाही

नव्या जागी झोप येत नाही असे घरोघरी म्हटले जाते, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहारा देत असतो. दुसऱ्या मुक्कामाच्या वेळी हा फरक दिसला नाही. हा अभ्यास तरुण प्रौढांवर झाला होता, पण नव्या घरात रात्री तीनदा उठणारे बाळ ज्यांनी सांभाळले आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. यावरून एक साधा धडा घेता येतो. चार दिवसांत दोन-तीन हॉटेले बदलू नयेत. ‘एक रात्र जुहूला, एक रात्र कुलाब्याला’ ही योजना कागदावर छान दिसते, पण त्यात मुलासाठी प्रत्येक रात्र पहिलीच रात्र ठरते.

त्यात आवाजाची भर पडते. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबलचा फरक आकड्यात छोटा वाटतो. कानाला मात्र तो आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. म्हणजे कायद्यानेसुद्धा बाजारपेठेतली रात्र निवासी गल्लीतल्या रात्रीपेक्षा बरीच गोंगाटाची धरली आहे, आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे मर्यादा सर्रास ओलांडल्या जातात. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. शाळा असलेल्या निवासी गल्लीत, मुख्य रस्त्यापासून दोन वळणे आत असलेली खोली मिळाली तर ती घ्यावी. स्थानकासमोरची, उड्डाणपुलाला समांतर, खाली बार किंवा लग्नाचा हॉल असलेली खोली स्वस्त का मिळते, याचे उत्तर रात्री अकरा वाजता मिळते.

पाणी, डास आणि धूळ

मुंबईच्या नळाचे पाणी महापालिका शुद्ध करूनच सोडते. गडबड होते ती बहुधा त्यापुढे. इमारतीची जुनी वाहिनी, गटाराशेजारून गेलेली जोडणी, वर्षानुवर्षे न धुतलेली गच्चीवरची टाकी. म्हणून टाकी कधी साफ केली, हे हॉटेलला विचारायला हरकत नाही. मुलांसाठी पाणी उकळून घेण्याची सोय, म्हणजे एक छोटी विजेची किटली, सामानात असावी. पाण्याला खळखळून उकळी फुटून मिनिटभर राहिली की जुलाब, टायफॉइड, कावीळ अ यांचे जंतू मरतात. बर्फाचा गोळा आणि उसाच्या रसातला बर्फ मात्र टाळावा. तो कोणत्या पाण्याचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खाण्याच्या बाबतीतही वस्तीच निर्णायक ठरते. मुलांचे पोट सांभाळायला पंचतारांकित नाश्ता लागत नाही. गरम इडली, वरण-भात, दही, केळी आणि पिशवीतले दूध एवढे पाच मिनिटांच्या चालीवर मिळाले तरी पुरते. माटुंग्याच्या उडपी हॉटेलांत किंवा दादरच्या मराठी खाणावळीत सकाळी सातला वाफाळलेले काहीतरी मिळते. ग्राहकांची वर्दळ असते, त्यामुळे अन्न शिळे राहत नाही. याउलट कार्यालयांच्या किंवा विमानतळाच्या परिसरात रात्री साडेनऊला मुलाला भूक लागली तर हॉटेलातल्या मसालेदार भाज्या नाहीतर चिप्सची पाकिटे एवढाच पर्याय उरतो.

डासांचे गणितही वस्तीवर ठरते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. शहरातला मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी टाक्या, विहिरी आणि बांधकामाच्या जागी साठलेल्या पाण्यात वाढतो. खोलीच्या खिडकीतून अर्धवट बांधलेली इमारत आणि तिच्या तळघरात साचलेले पाणी दिसत असेल, तर पावसाळ्यात ती खोली नाकारावी. मुंबईत पुनर्विकासाची कामे गल्लोगल्ली चालू असल्याने हे आधीच विचारणे शहाणपणाचे. बांधकामाची धूळ दम्याच्या मुलांनाही त्रास देते. वाहता महामार्ग किंवा बांधकाम यांपासून काही शे मीटर आत गेले की हवेतला धूर-धुळीचा भार बराच कमी होतो. दम्याचे औषध आणि स्पेसर हातातल्या पिशवीत ठेवावेत, मोठ्या बॅगेच्या तळाशी नव्हे. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत मुलाला ताप आला तर ‘मुंबईला जाऊन आलो’ हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

खिडकी आणि रस्ता

हॉटेलची खोली लहान मुलांचा विचार करून बांधलेली नसते. घरी ग्रील असते. हॉटेलात सरकती काच, तिच्याखाली सोफा आणि बाहेर सहा मजले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाने खिडक्यांना गज बसवण्याची मोहीम राबवली. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात मुले खिडकीतून पडण्याच्या नोंदलेल्या घटना निम्म्याने घटल्या. त्यानंतर १९७६ मध्ये तिथे लहान मुले राहतात अशा भाड्याच्या घरांत गज बसवणे मालकांवर बंधनकारक झाले. एका साध्या लोखंडी जाळीने जे साधले, ते पालकांच्या अखंड नजरेला साधत नाही, कारण नजर थकते. गजांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर लहान मूल त्यातून निसटू शकते. शक्य असेल तर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची, गज असलेली खोली मागावी. खोलीत शिरताच खिडकीजवळची खुर्ची-सोफा हलवावा, डासांच्या औषधाची यंत्रे आणि कपाटातल्या डांबरगोळ्या उचलून ठेवाव्यात आणि न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करावी. रांगणारे मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

हॉटेलच्या दारातून बाहेर पडल्यावर काय आहे, हेही तेवढेच महत्त्वाचे. सलग फुटपाथ आहे का? रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का? दोनशे मीटरवर मुलाला मोकळे सोडता येईल असे मैदान किंवा बाग आहे का? यांची उत्तरे ‘हो’ असतील तर रोजचा निम्मा ताण कमी होतो. टॅक्सी लागणारच असेल तर २०१९ मध्ये सुधारलेला मोटार वाहन कायदा लक्षात ठेवावा. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या आसनाने सुरक्षित न बसवल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, पुढच्या आसनावर वडिलांच्या मांडीवर बसलेले मूल अपघातात सर्वांत आधी काचेवर आदळते.

दवाखाना दिसतो का?

मुक्काम ठरवताना जवळचा बालरोगतज्ज्ञ आणि चोवीस तास उघडे असणारे मुलांचे रुग्णालय शोधून ठेवावे. परळचे वाडिया रुग्णालय मुलांचे आहे. केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय ही महापालिकेची मोठी रुग्णालये त्याच पट्ट्यात आहेत. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते. मुलाने बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू लागते. अशा वेळी रुग्णालय वीस मिनिटांवर आहे की दोन तासांवर, यावर बरेच अवलंबून असते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक दोन्ही पालकांच्या फोनमध्ये असावेत.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी, तीही तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. अंदाजाने अर्धी पुडी ग्लासात टाकू नये. बाजारात तशाच नावाची गोड पेये मिळत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी मागावी. मूल लघवी करेनासे झाले, डोळे खोल गेले, सुस्त पडले किंवा पाणीही पोटात राहीना, तर खोलीत थांबू नये.

मग नेमके कुठे उतरावे?

हे सगळे निकष लावले तर मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्या, दहा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबासाठी शिवाजी पार्क, दादर आणि माटुंगा हा पट्टा सर्वांत योग्य वाटतो. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या दादरला थांबतात, मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग आणि भुयारी मेट्रो हाताशी आहे, शिवाजी पार्कचे मैदान आणि माटुंग्याकडची पाच उद्याने आहेत, सात्त्विक खाणे आहे आणि परळची रुग्णालये जवळ आहेत. खोल्या लहान आणि जुन्या असतील. अगदी स्थानकालगतच्या लॉजमध्ये गोंगाटही असेल. पण दोन गल्ल्या आत गेले की वस्ती शांत होते.

फोर्ट आणि चर्चगेट परिसर दुसऱ्या क्रमांकावर. वस्तुसंग्रहालय, गेटवे, ओव्हल मैदान पायी होते, फुटपाथ रुंद आहेत आणि मोठी रुग्णालये जवळ आहेत. मात्र भाडे जास्त, आणि हा कार्यालयांचा भाग असल्याने रविवारी आणि रात्री बरीच दुकाने बंद असतात. विमानतळाजवळची अंधेरी पूर्व ही पहाटेच्या विमानासाठी एका रात्रीपुरती ठीक. तिथून रोज दक्षिणेला जाऊन-येऊन मुलांना मुंबई दाखवण्याचा बेत करू नये. जुहूला समुद्र आहे, पण भरती-ओहोटी न पाहता मुलांना पाण्यात सोडणे जिवावर बेतू शकते. आणि इतर ठिकाणे लांब पडतात. नवी मुंबईत रस्ते रुंद, बागा पुष्कळ आणि रात्री शांत. पण दक्षिण मुंबई लोकलने पाऊण-एक तास दूर. दोन दिवसांची घाई नसेल आणि एक दिवसाआड विश्रांती घेणार असाल तरच ती निवड योग्य.

‘पण आमचे काका डोंबिवलीला राहतात, हॉटेलचा प्रश्नच नाही’ असे अनेक कुटुंबे म्हणतील. ती सोय मोलाची आहे. घरचे अन्न, उकळलेले पाणी, मुलाला सांभाळायला दोन हात जास्त आणि ओळखीचा डॉक्टर या गोष्टी कोणतेही हॉटेल देऊ शकत नाही. मात्र मग यादी छोटी करावी. रोज दक्षिणेला जाण्याचा आग्रह सोडून एक दिवस मुंबई, एक दिवस घरी भावंडांबरोबर खेळ, असे करावे. मुलांना पेंग्विनइतकीच चुलत भावंडेही आवडतात.

जे हौसेने येत नाहीत

मुंबईत मुलांना घेऊन येणारे सगळेच सहलीला येत नाहीत. परळच्या रुग्णालयांत उपचारासाठी मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी वस्तीचा प्रश्न अधिक गंभीर असतो. कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा मुलाला एकदा १०१ अंश किंवा तासभर १००.४ अंश ताप आला तर ती तातडीची अवस्था असते आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. स्वस्त खोली मिळाली म्हणून विरार किंवा बदलापूरला राहणाऱ्या कुटुंबाचा तो तास रस्त्यातच संपतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड संस्था यांच्यासारख्या सोयी आहेत. पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे राहण्याची चौकशी करावी. तरीही परळच्या फुटपाथवर अंथरूण टाकून राहणारी कुटुंबे दिसतात. याचा अर्थ या सोयी गरजेच्या मानाने तोकड्या आहेत.

इथे शासन आणि महापालिकेची जबाबदारी सुरू होते. गिरणगावात मिलच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, पण मोठ्या रुग्णालयांभोवती बाहेरगावच्या मुलांसाठी पुरेशी निवासव्यवस्था उभी राहिली नाही. पर्यटनाच्या बाबतीतही तेच. हॉटेलांना परवाना देताना अग्निशमनाची कागदपत्रे तपासली जातात. त्याचबरोबर खिडकीचे गज आणि पाण्याच्या टाकीची शेवटची सफाई यांची नोंद खोली आरक्षित करणाऱ्याला दिसेल अशी का ठेवू नये? मोठ्या पर्यटनस्थळी मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि आईला बाळाला दूध पाजण्यासाठी आडोसा असायला हवा. हा खर्च एखाद्या सुशोभीकरणाच्या कामापेक्षा कमी आहे.

तोपर्यंत पालकांच्या हातात एक फोन आहे. खोली आरक्षित करण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. खिडकीला गज आहेत का? शेजारी बांधकाम, बार किंवा हॉल आहे का? सकाळी लवकर खोली मिळेल का? पाणी उकळता येईल का? आणि जवळचे मुलांचे रुग्णालय कोणते, ते किती मिनिटांवर? या प्रश्नांना वैतागणारे हॉटेल सोडून द्यावे आणि नीट उत्तरे देणारे घ्यावे, मग ते थोडे जुने आणि फोटोत कमी चकचकीत दिसले तरी चालेल. वाचलेल्या दगदगीत यादीतली दोन ठिकाणे कमी पाहून झाली, तरी मूल हसतखेळत परत येईल.